पुडी अर्धी करण्याआधी : विना नांगरणी गव्हातील तणनाशकाविषयी खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

विषय : विना नांगरणी गव्हात तणनाशकाची मात्रा कमी करण्याबाबतचा सल्ला आणि प्रात्यक्षिके

महोदय,

आपल्या तिन्ही जिल्ह्यांत सोयाबीन, मूग, उडीद किंवा मका निघाल्यावर वावर न नांगरता थेट गहू पेरणारे शेतकरी आता दिसू लागले आहेत. नांगरट, वखरपाळी आणि रोटाव्हेटरचा खर्च वाचतो, ओल टिकते आणि पेरणी लवकर उरकते. त्यांच्यात एक सल्ला तोंडोतोंडी फिरतो आहे : विना नांगरणी गव्हात तण कमी उगवते, म्हणून तणनाशकाची अर्धी पुडी पुरते. हा सल्ला निम्मा खरा आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. मात्रा कमी करता येते, हे आम्ही ठामपणे म्हणतो. पण त्यासाठीची तयारी पेरणीपासून करावी लागते. फवारणीच्या दिवशी नुसती पुडी अर्धी केली, तर तण राहते, बी पडते आणि पुढची पाच-सात वर्षे ते निंदत बसावे लागते. येत्या रब्बीच्या शेतीशाळांत आणि प्रात्यक्षिकांत आपल्या विभागाने हा फरक स्पष्ट मांडावा, अशी आमची विनंती आहे.

मात्रा कमी करायला मुळात जागा का आहे, ते आधी पाहू. लेबलवरची मात्रा सर्वांत सोपे वावर डोळ्यांसमोर ठेवून ठरत नाही. तण थोडे मोठे झालेले, ओल कमी, थंडी जास्त, चार-पाच जातींचे तण मिसळलेले, अशा अवघड वेळीही औषध चालावे इतकी ती ठेवलेली असते. दोन-तीन पानांवरच्या कोवळ्या चंदनबटवा या तणाला मरायला तेवढे लागत नाही. मात्रा घटवली की तणाचे मरणे त्याच प्रमाणात घटते, असेही नाही. योग्य वेळी, कोवळ्या तणावर, पूर्ण मात्रेपासून पाऊण मात्रेपर्यंत फारसा फरक पडत नाही. त्यानंतर परिणाम उतरू लागतो आणि निम्म्याच्या खाली तो झपाट्याने कोसळतो. हा उतार नेमका कुठे सुरू होतो, ते तणाची जात, त्याचे वय, जमिनीची ओल आणि पिकाची दाटी यांवर ठरते. दाट गव्हात अर्धमेले तण सावलीखाली दबून राहते. विरळ गव्हात तेच तण बगलेतून पुन्हा फुटते.

कॅनडाच्या गहू-बार्ली पट्ट्यातील संशोधनातून हेच पुढे आले. बियाणे जास्त टाकलेल्या, लवकर उगवून आलेल्या आणि फेरपालट चांगली असलेल्या वावरात कमी मात्रा चालली; विरळ पिकात ती फसली आणि जमिनीतला तणबियांचा साठा वाढत गेला. डेन्मार्कने १९८६ मध्ये कीडनाशकांचा वापर निम्म्यावर आणण्याचा आराखडा आखला. तिथेही कमी मात्रेचा सल्ला तणाची जात, पानांची संख्या आणि हवामान पाहून दिला जात होता. त्या देशांचे आकडे आपल्या बागायती, थंडी कमी असलेल्या गव्हाला लावता येणार नाहीत. पण कमी मात्रा कोणत्या अटींवर चालते, ते तिथून घेता येते.

विना नांगरणीने तण कमी होते, हेही अर्धेच खरे. जमीन उलटी-पालटी झाली नाही तर खोल गाडलेले बी खालीच राहते. वरच्या थरातले काही बी मुंग्या-किडे खातात, काही उन्हापावसाने मरते. हरियाणात १९९० च्या दशकात गुल्ली-डंडा हे गवत आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासे झाले, तेव्हा तिथे शून्य मशागतीचा गहू पसरण्यामागे हे एक मोठे कारण होते : न नांगरलेल्या जमिनीत ते गवत कमी उगवते. आपल्याकडचा मुख्य शत्रू मात्र वेगळा आहे. चंदनबटवा, चांदवेल, गाजरगवत, पाथरी, हरळी आणि लव्हाळा ही आपली यादी. यातले गाजरगवत आणि पाथरी यांचे बी वाऱ्याने येते आणि न नांगरलेल्या पृष्ठभागावर ते आरामात रुजते. हरळी, लव्हाळा आणि चांदवेल जमिनीखालच्या काशांवर, गाठींवर, मुळांवर जगतात. नांगर थांबला की ते पहिल्या दोन वर्षांत पसरतात. या तिघांवर कमी मात्रा कधीच चालत नाही. पाने जळतात, गाठ जिवंत राहते. म्हणून ज्या वावरात हरळी किंवा लव्हाळ्याचे पट्टे आहेत, ते वावर कमी मात्रेच्या प्रात्यक्षिकाला निवडूच नये, एवढे तरी आपल्या कृषी सहायकांना लेखी कळवावे.

पेरणीआधी उभ्या असलेल्या तणाबद्दलही असेच. विना नांगरणीत हे तण मारल्याशिवाय ड्रिल (पेरणी यंत्र) घालायचे नाही. गव्हाच्या आधी उगवलेले प्रत्येक रोप पुढे फवारणीच्या दिवशी मोठे भेटते आणि पूर्ण मात्रेलाही जुमानत नाही. शेतकरी इथे सर्रास ग्लायफोसेट या तणनाशकाकडे वळतो. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता, म्हणजे परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता, मर्यादित केला, हे अनेकांना माहीतच नाही. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेले तर त्याला उतारा नाही, हेही प्रत्येक सभेत सांगायला हवे. रसायनाशिवायचा मार्ग असा : पेरणीपूर्व पाणी देऊन आठ-दहा दिवस थांबायचे, तणाची पहिली फळी उगवू द्यायची, ती ब्रश कटरने किंवा रोटरी स्लॅशरने अगदी जमिनीलगत कापायची आणि वाफशावर (पाणी मुरून जमीन कामाजोगी झाल्यावर) लगेच पेरायचे. हंगामी रुंद पानांचे तण इतक्या खाली कापले की बहुतांशी पुन्हा उठत नाही. वेळेवर पेरणीची मुदत १ ते १५ नोव्हेंबर आहे, म्हणून हे पाणी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडले पाहिजे. उशिरा निघणाऱ्या कपाशीच्या वावरात यासाठी दिवसच उरत नाहीत. तिथे पऱ्हाटीची धसकटे आणि सऱ्या-वरंब्यांमुळे ड्रिलही नीट चालत नाही. कपाशीनंतरच्या गव्हात कमी मात्रेचा प्रयोग आम्ही सुचवत नाही.

आता पेरणी. शिफारशीत वेळेवरच्या बागायती गव्हाला हेक्टरी १०० ते १२५ किलो बियाणे आणि २० ते २२.५ सेंटिमीटर अंतर आहे. उशिराच्या पेरणीला १२५ ते १५० किलो आणि १८ सेंटिमीटर. कमी मात्रेसाठी वेळेवर पेरूनही वरची बाजू धरावी : एकरी ५० किलो बियाणे, १८ सेंटिमीटर अंतर. दोन ओळींमधली जमीन जितक्या लवकर झाकली जाईल, तितका तणनाशकावरचा भार कमी. बी ५ सेंटिमीटरच्या आसपास पडावे. विना नांगरणीत इथेच चूक होते : उलट्या टी आकाराचा फाळ झिजलेला असला किंवा जमीन जास्त वाळलेली असली की चर उथळ पडतो, बी उघडे राहते, पक्षी उचलतात आणि ओळीत फूट-फूट खाडे पडतात. जमीन फार ओली असली तर काळ्या मातीत चराच्या भिंती गुळगुळीत होऊन चर वरून बंद होत नाही. दोन्हीकडे पीक विरळ. पेरणीनंतर १२ ते १५ दिवसांनी वावरात फिरून खाडे मोजावेत आणि ज्या भागात उगवण विरळ आहे तिथे पूर्ण मात्राच फवारायची, असे तेव्हाच ठरवून टाकावे.

खताची जागाही तणाचे भवितव्य ठरवते. डीएपी किंवा मिश्रखत ड्रिलमधून बियाण्याच्या बाजूला पडले, तर ते गव्हाला मिळते. तेच खत फेकून दिले तर विना नांगरणीत ते पृष्ठभागावर राहते, आणि पृष्ठभागावरच तणाचे बी आहे. युरियाचा दुसरा हप्ता पहिल्या पाण्याबरोबर द्यायचा असतो. त्या वेळी तण दाट असेल, तर तणनाशकाआधीचा युरिया आधी तणाला पोसतो. वाफसा लवकर येणाऱ्या हलक्या जमिनीत आधी फवारणी आणि तीन-चार दिवसांनी युरिया देऊन हलके पाणी, असा क्रम बसवता येतो.

आच्छादनाचे सांगायचे तर खान्देशात ते पुरेसे उरतच नाही. मक्याचा चारा जनावरांना लागतो, सोयाबीनचे कुटार मळणीच्या जागी ढिगात राहते. चारा काढावाच लागणार असेल, तर मका कापताना फूटभर धसकट उभे ठेवावे आणि सोयाबीनचे कुटार शक्य तितके परत वावरात पसरावे. पसरताना सारखे पसरावे. ढीग राहिले तर ड्रिल अडकते आणि ढिगाखाली गहू उगवत नाही. एकरी दोन टनांच्या आसपास कोरडे आच्छादन सारखे पसरलेले असेल, तर उगवणारे तण डोळ्यांना दिसेल इतके कमी होते. आच्छादन अगदी तुटपुंजे असेल, तर त्याच्या भरवशावर मात्रा घटवू नये. एक तांत्रिक बाब इथे नेहमी निसटते : पेंडीमिथॅलिनसारखे उगवणीपूर्व तणनाशक काडीकचऱ्याला चिकटून बसते, मातीपर्यंत पोहोचत नाही. आच्छादन असलेल्या वावरात त्याची मात्रा कमी करणे म्हणजे पैसे काडीवर फवारणे. विना नांगरणी गव्हात भर द्यायचा तो उगवणीनंतरच्या फवारणीवर.

त्या फवारणीत कोणते औषध कमी करता येते आणि कोणते नाही, हे वेगवेगळे सांगायला हवे. रुंद पानांच्या हंगामी तणासाठी मेटसल्फ्युरॉन मिथाइल २० टक्के, लेबलप्रमाणे हेक्टरी २० ग्रॅम, म्हणजे एकरी ८ ग्रॅम. चंदनबटवा दोन ते चार पानांवर असेल, गहू दाट असेल आणि जमिनीत ओल असेल, तर एकरी ६ ग्रॅमचा प्रयोग करण्यास आमच्या मते हरकत नाही. ४ ग्रॅम फक्त विभागाच्या देखरेखीखालील प्रात्यक्षिकात. गवतवर्गीय तणासाठीचे क्लोडिनाफॉप प्रोपार्गिल १५ टक्के हेक्टरी ४०० ग्रॅम, एकरी १६० ग्रॅम. हे कमी करू नये. या गटातल्या औषधांना दाद न देणारे गवत पंजाब-हरियाणात आधीच आहे आणि आपल्याकडे जंगली ओट किंवा गुल्ली-डंडा जिथे दिसतो, तिथे तो बियाण्यातून नुकताच आलेला असण्याची शक्यता असते. तो पूर्ण मात्रेने आणि हाताने उपटून संपवण्याचीच ही वेळ आहे. गवतवर्गीय तण नसेल, तर हे औषध घ्यायचेच नाही. पुडी अर्धी करण्यापेक्षा यात जास्त बचत आहे. दोन्ही प्रकारचे तण असले म्हणून क्लोडिनाफॉप आणि रुंद पानांच्या तणावरचे टू-फोर-डी एकाच टाकीत मिसळू नये. गवतावरचा परिणाम घटतो. कीटकनाशकही सोबत मिसळू नये, विशेषतः ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले : मेटसल्फ्युरॉनसारख्या सल्फोनिलयुरिया गटाच्या तणनाशकाबरोबर ते गव्हालाच इजा करू शकते.

सल्फोसल्फ्युरॉन ७५ टक्के, एकरी १३.५ ग्रॅम, याचा वेगळा विचार हवा. त्याचा अंश जमिनीत राहून पुढच्या मका-ज्वारीला मारतो. सल्फोनिलयुरिया गटाची औषधे आम्ल जमिनीत लवकर तुटतात, सामू (पीएच) ८ च्या वर असलेल्या आपल्या काळ्या जमिनीत सावकाश. गव्हानंतर उन्हाळी मका किंवा खरिपात मका-ज्वारी घेणाऱ्याला त्याची शिफारसच करू नये. मेटसल्फ्युरॉनही त्याच गटातले. कमी मात्रेचा एक खरा फायदा इथे आहे, पण वावराच्या कडेला आणि बांधाजवळ दोनदा फवारले गेले की तिथे दीडपट-दुप्पट अंश पडतो आणि पुढचा मूग किंवा भुईमूग तिथेच पिवळा पडतो. शंका असेल तर साधी कुंडी चाचणी करावी : वावरातून पाच ठिकाणची वरची १० सेंटिमीटर माती आणि तुलनेसाठी न फवारलेल्या जागेची माती, दोन वेगळ्या कुंड्यांत, प्रत्येकीत पुढच्या पिकाचे दहा दाणे. पंधरा दिवसांनी उंची आणि मुळे पाहिली की कळते.

आता ज्यावर आमचा सर्वांत जास्त जोर आहे ते : मोजमाप. बहुतेक वावरांत आज जी मात्रा पडते ती पूर्ण नाही, पाऊणही नाही; ती किती आहे हे कुणालाच ठाऊक नसते. दुकानात 'पंपाला एवढे' असे सांगितले जाते. एकरी १० पंप धरून पंपाला ०.८ ग्रॅम सांगितलेले असते आणि फवारणारा भरभर चालून ७ पंपांत एकर उरकतो. एकराला ५.६ ग्रॅमच पडले, म्हणजे ७० टक्के. अशा माणसाला 'अर्धी पुडी चालते' असे सांगितले तर प्रत्यक्षात ३५ टक्के पडेल. त्याच्या शेजारी सावकाश चालणारा १३ पंप घालतो आणि त्याच्या गव्हाची पाने पिवळी पडतात. दोघेही औषधाला दोष देतात.

म्हणून मात्रा घटवण्याआधी प्रत्येक फवारणाऱ्याचा पंप मोजावा. एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, दोरीने आखायचा. पंपात नुसते पाणी भरून नेहमीच्या चालीने तो गुंठा फवारायचा. परत भरताना किती पाणी लागले ते मापाने पाहायचे. गुणिले ४०, की एकरी पाणी निघाले. ४ लिटर लागले तर एकरी १६० लिटर, १६ लिटरच्या पंपाने १० पंप. ही चाल आणि हा दाब त्या माणसाचा. दुसरा माणूस आला की पुन्हा मोजायचे. बॅटरी पंपात चार्ज उतरला की दाब उतरतो, म्हणून शेवटच्या दोन-तीन पंपांकडे लक्ष ठेवायचे.

पुढचा प्रश्न ६ ग्रॅम मोजायचे कसे. घरच्या काट्यावर ते मोजले जात नाही आणि अंदाजाने पुडी चिमटीने वाटणे म्हणजे एका पंपात दुप्पट, एकात निम्मे. ८ ग्रॅमची पूर्ण पुडी मापाच्या ८०० मिलिलिटर पाण्यात कालवावी. १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम झाले. एकरी १० पंप लागणाऱ्याने पंपाला ८० मिलिलिटर घेतले तर पूर्ण मात्रा, ६० घेतले तर पाऊण. ही पूड पाण्यात विरघळत नाही, तरंगते. म्हणून दर वेळी माप घेण्याआधी बाटली हलवायची. असे केल्याने तीन पुड्यांत चार एकर होतात. कालवलेले औषध दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. पुडीसोबत येणारे सर्फॅक्टंट, म्हणजे थेंब पानावर टिकवणारे द्रावण, मात्र कमी करायचे नाही : त्याचे प्रमाण पाण्याशी बांधलेले आहे, औषधाशी नाही. मात्रा घटवताना सर्फॅक्टंटही घटवले की पानावर थेंब टिकत नाही, आणि कमी मात्रा फसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. त्याऐवजी कपडे धुण्याची पावडर वापरणे बंद करायला सांगावे.

नोझल सपाट पंख्याचा, म्हणजे फ्लॅट फॅन हवा. कीटकनाशकाचा गोल फवारा देणारा नोझल आणि हात डावी-उजवीकडे झुलवत चालणे, यात पट्टे सुटतात आणि दुबार पडतात. पूर्ण मात्रेत सुटलेला पट्टा कळून येत नाही, कारण कडेचा फवारा काम भागवतो. कमी मात्रेत तो पट्टा हिरवा उभा राहतो. नोझल तणाच्या वर दीड-दोन फुटांवर, न हलवता. एक मिनिटाचे पाणी मापात धरून नव्या नोझलशी ताडून पाहावे. दहा टक्क्यांहून जास्त येत असेल तर नोझल झिजला, फेकावा. एचटीपी गनने, म्हणजे जास्त दाबाच्या फवाऱ्याने, तणनाशक मारू नये, कमी मात्रेत तर नाहीच. ड्रोनने एकरी साधारण १० लिटर पाण्यात फवारणी होते. केळी, कपाशी आणि हरभऱ्याच्या शेजारात तणनाशकासाठी ती पद्धत आम्हाला धोक्याची वाटते.

पाणी गाळलेले, गढूळ नसलेले. बोअरचे जड पाणी टू-फोर-डीच्या अमाइन सॉल्टचा परिणाम घटवते, म्हणून शक्य असेल तिथे विहिरीचे किंवा पाटाचे स्वच्छ पाणी घ्यावे.

वेळ म्हणजे पेरणीनंतर २५ ते ३० दिवस. पहिले पाणी १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना. त्यानंतर तणाची मोठी फळी उगवते. वाफसा आला की फवारणी. भारी काळ्या जमिनीत पाय बुडू नये इतका वाफसा यायला पाच-सहा दिवस लागतात. गिरणेच्या लाभक्षेत्रात आवर्तन आठ दिवस पुढे गेले, किंवा शेतीपंपाच्या विजेची रात्रपाळी आली आणि दारे धरणे लांबले, की हे सगळे गणित सरकते आणि चंदनबटवा वीतभर होतो. वीतभर चंदनबटव्यावर पाऊण मात्रा मारू नये. तिथे पूर्ण मात्रा आणि मागून एक निंदणी, हेच खरे. दिवस कोणता, हे तारखेवर ठरवू नये. तणाची पाने मोजून ठरवावे. सकाळी दव उतरल्यावर, साधारण दहानंतर, वारा उठण्याआधी. धुळे आणि नंदुरबारकडे डिसेंबरात कडाक्याच्या थंडीच्या लाटा येतात. त्या दिवसांत तणाची वाढ थांबलेली असते, औषध आत शिरून फिरत नाही. दोन-तीन दिवस थांबून ऊन पडल्यावर फवारलेले बरे. पाण्याचा ताण बसलेल्या, धुळीने माखलेल्या तणावरही तसेच.

टू-फोर-डीविषयी थोडक्यात, पण कळकळीने. फरदड (हंगाम संपूनही राखलेली) कपाशी उभी असलेल्या शिवारात आणि रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात त्याची शिफारस करू नये, मात्रा कितीही कमी असली तरी. कपाशीला वाऱ्याने आलेला अंशही पुरतो. पाने भेंडीच्या पानासारखी फाटतात. कमी मात्रेने हा धोका जात नाही. गव्हावरही त्याची वेळ अरुंद आहे : ३० ते ३५ दिवस. लवकर किंवा कांडी धरल्यावर फवारले तर ओंब्या वेड्यावाकड्या येतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

आता तणाच्या प्रतिकारशक्तीचा प्रश्न, ज्यामुळे अनेक शास्त्रज्ञ कमी मात्रेला विरोध करतात, आणि तो विरोध योग्य आहे. पूर्ण मात्रेतून फक्त अतिशय चिवट रोप वाचते, तेही क्वचित. कमी मात्रेतून थोडीफार चिवट अशी बरीच रोपे वाचतात, त्यांचा एकमेकांशी संकर होतो आणि पुढची पिढी आणखी चिवट निघते. ऑस्ट्रेलियात रायग्रास या गवतावर मुद्दाम कमी मात्रा देऊन पाहिली, तेव्हा मोजक्याच पिढ्यांत ते गवत पूर्ण मात्रेतूनही तगू लागले. रायग्रास परपरागी आहे, म्हणून हे वेगाने घडले. स्वपरागी तणात ते सावकाश घडेल, पण घडणार नाही असे नाही. म्हणून आमची अट अशी : कमी मात्रा त्याच वावरात लागोपाठ दोन वर्षे नाही, आणि वाचलेले प्रत्येक रोप फुलावर येण्याआधी उपटायचे. ४५ दिवसांच्या आसपास एक हलकी निंदणी त्यात धरलेलीच असावी. ज्याच्याकडे त्या निंदणीला मजूर नाही, त्याने पूर्ण मात्राच फवारावी. चंदनबटव्याचे एक मोठे झाड हजारो बिया टाकते आणि त्या जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. दोन ग्रॅम औषध वाचवून तो साठा वाढवणे परवडत नाही. निंदणाऱ्या बायांना एक गोष्ट जरूर सांगावी : फवारलेल्या वावरातला चंदनबटवा भाजीला नेऊ नये, आणि ते तण शेळ्यांनाही टाकू नये.

लेबलपेक्षा कमी मात्रा वापरून तण राहिले, तर कंपनी जबाबदारी घेणार नाही. म्हणून हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. आपल्या विभागाने धुळ्याचे कृषी महाविद्यालय, तिन्ही जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे आणि निफाडचे गहू संशोधन केंद्र यांच्या मदतीने तालुक्यागणिक किमान एक प्रात्यक्षिक घ्यावे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून तणनोंदणीची पद्धत मागवता येईल. जळगाव जिल्ह्यात पोकरा या राज्य शासनाच्या हवामान-अनुकूल शेती प्रकल्पाच्या गावांत शून्य मशागतीची ओळख झालेली आहे, तिथून सुरुवात सोपी पडेल. अवजार बँकांमधून झिरो टिल ड्रिल मिळते का, फाळ बदललेले आहेत का, हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तपासावे आणि ड्रिलसोबत फ्लॅट फॅन नोझल व मापाचे भांडे द्यावे. खर्च फार नाही.

प्रात्यक्षिकाची रचना साधी ठेवावी. एकाच वावरात, एकाच दिवशी पेरलेल्या गव्हात, पाण्याच्या चारीच्या दिशेने चार पट्टे, प्रत्येकी पाच मीटर रुंद : पूर्ण मात्रा, पाऊण, अर्धी आणि अजिबात न फवारलेला. न फवारलेला पट्टा शेतकऱ्याला नकोसा वाटतो, पण त्याच्याशिवाय तण औषधाने मेले की गव्हाच्या दाटीने दबले, हे कळणार नाही. शक्य असेल तिथे हेच चार पट्टे ४० आणि ५० किलो बियाण्यावर दोनदा घ्यावेत. आमच्या मते खरा फरक तिथेच दिसेल. फवारणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक पट्ट्यात एक मीटर बाय एक मीटरची चौकट चार ठिकाणी टाकून जातवार तण आणि त्यांची पाने मोजावीत. फवारणीनंतर २१ दिवसांनी पुन्हा त्याच ठिकाणी मोजावीत. पाऊण मात्रेच्या पट्ट्यात चौरस मीटरला दोनपेक्षा जास्त जिवंत रोपे राहिली, तर त्या वावरासाठी पाऊण मात्रा नापास धरावी आणि पट्टा लगेच निंदून घ्यावा. काढणीला प्रत्येक पट्ट्याचे धान्य वेगळे मळून वजन करावे. नोंदवहीत पेरणीची तारीख, बियाण्याचे प्रमाण, पहिल्या पाण्याची तारीख, फवारणीची वेळ, पंपांची संख्या, नोझलचा प्रकार, निंदणीला लागलेले मजूर आणि पुढच्या पिकाची उगवण, एवढे तरी असावे. फसलेली प्रात्यक्षिकेही कारणासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. १५ ऑक्टोबरपूर्वी तालुका पातळीवर बैठक बोलावली, तर गावे निवडून पेरणीपूर्व पाण्याची तारीख ठरवायला वेळ मिळेल. पंप मोजून दाखवायला आणि चौकटी टाकायला आम्ही येऊ.

आपले,
विना नांगरणी गहू पेरणारे शेतकरी व कृषी पदवीधर,
चोपडा, शिरपूर आणि शहादा तालुके